शाळेचा टीव्ही : नवा की दुरुस्त केलेला?



शाळेत मोठ्या पडद्याचा टीव्ही असावा, याबद्दल आता कुणाचे दुमत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-विद्या योजनेत पहिलीपासून बारावीपर्यंत प्रत्येक इयत्तेसाठी स्वतंत्र वाहिनी मिळाली. हृदयाची झडप कशी उघडते किंवा ज्वालामुखी कसा फुटतो, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा पडद्यावर मुलांना लवकर उमगते. प्रश्न उरला आहे तो खरेदीचा. अगदी नवा टीव्ही घ्यावा, की परत आलेला किंवा वापरलेला संच तपासून, दुरुस्त करून पुन्हा विक्रीला काढतात, ज्याला बाजारात 'रिफर्बिश्ड' म्हणतात, तो घ्यावा? पालकांमध्ये दोन्ही मते आहेत. म्हणून आमचे मत येथे मांडत आहोत.

काही पालकांचे म्हणणे आहे, "इतर शाळांत नवे येते, मग आमच्याच मुलांना जुने का?" या म्हणण्यामागे मुलांविषयीची माया आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. पण वापरलेली वस्तू म्हणजे हलकी वस्तू, हा समज मुलांच्या मनात रुजू नये असे आम्हाला वाटते. वरच्या वर्गातील ताईची पुस्तके खालच्या वर्गातील मुलगी वापरते, तेव्हा त्यातील धडे जुने होत नाहीत. आपले बुऱ्हाणपूर तर पावरलूमचे गाव. या धंद्यात जुना माग घेऊन त्यावर घर उभे करणे ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. तेव्हा जुने घेण्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र माग आणि टीव्ही यांत एक मोठा फरक आहे, आणि आमच्या मते सारा निर्णय त्यावर अवलंबून आहे. मागाचा धोटा झिजला तर नवा मिळतो, एखादा भाग तुटला तर मिस्त्री तो गावातच बसवून देतो. टीव्हीचे तसे नाही. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग किंवा पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या बदलता येतात, पण खुद्द पडदा गेला तर तो बदलण्याचा खर्च इतका येतो की दुसरा टीव्ही घेतलेला बरा. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की हा संच आला कुठून? ग्राहकाने खोके उघडून दोन-चार दिवसांत परत केलेला संच जवळजवळ नवाच असतो. दुकानात मांडून ठेवलेल्या संचाची गोष्ट वेगळी. मुलांनो, हिशेब करून पाहा. रोज १२ तास याप्रमाणे दोन वर्षे चाललेला संच ८,७६० तास चालला. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. रोज दोन तास टीव्ही लावला तर वर्षाचे ४४० तास होतात. म्हणजे आपल्या शाळेच्या सुमारे २० वर्षांच्या वापराइतका तो आधीच चाललेला आहे! दोन्ही संचांवर चिठ्ठी मात्र एकच, 'रिफर्बिश्ड'.

दुसरा प्रश्न किमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी २५ हजारांचा जो नवा टीव्ही ३२ हजारांना पडत होता, तो आता २९,५०० रुपयांना पडतो. तेव्हा दुरुस्त केलेला संच दोन-तीन हजारांनीच स्वस्त असेल, तर जोखीम कशासाठी घ्यावी?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, बिघडला तर कोण येणार? १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा 'साइट' प्रयोग मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला. त्या वेळी संच बसवण्याबरोबर त्यांच्या दुरुस्तीची यंत्रणाही उभी करावी लागली होती. बंद पडलेला टीव्ही शिकवत नाही, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

या साऱ्याचा विचार करून आमचे मत असे झाले आहे, की दुरुस्त केलेला टीव्ही जरूर घ्यावा, पण पुढील अटी पूर्ण होत असतील तरच.

१. संच कुठून आला, काय दुरुस्त केले, हे विक्रेत्याने लेखी द्यावे.
२. पक्के बिल मिळावे. बिलावरील आणि संचामागील क्रमांक एकच असावा. भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहावा.
३. किमान एक वर्षाची हमी असावी आणि दुरुस्ती बुऱ्हाणपुरात, निदान खंडवा किंवा भुसावळ येथे व्हावी.
४. पैसे देण्यापूर्वी संच सलग तीन तास चालवून पाहावा. पडदा पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि काळा करून डाग किंवा रेघा आहेत का, हे तपासावे.
५. नव्याच्या तुलनेत किमान एक तृतीयांश बचत व्हावी.

यातील एकही अट सुटली तर सरळ नवा टीव्ही घ्यावा, मग तो थोडा लहान असला तरी चालेल. चौथ्या अटीची तपासणी नववीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमवेत करावी, अशी आमची सूचना आहे. वस्तू पारखून घेणे हाही एक धडाच आहे.

जे पैसे वाचतील ते ग्रंथालयातील मराठी पुस्तकांसाठी राखून ठेवावेत, अशी विश्वस्तांना विनंती आहे. हिंदी पुस्तके आपल्याला गावात सहज मिळतात. मराठी पुस्तके मात्र जळगाव-पुण्याहून मागवावी लागतात आणि दरवर्षी तीच खरेदी मागे पडते. पिढ्यान्पिढ्या तापीकाठी राहून आपण घरात मराठी टिकवली. ती मुलांच्या वाचनातही टिकायची असेल, तर कपाटात नवी पुस्तके हवीत. कोणता टीव्ही घेतला, हे मुले वर्षभरात विसरतील. वाचलेले पुस्तक त्यांच्यासोबत राहील.

पालकांनी आपले मत लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे. विरोधी मताचेही आम्ही स्वागतच करू.