विश्लेषण : ४८ किलोबाइटचा जुना संगणक चाकणला काय शिकवू शकतो?

पिंपळे सौदागरमध्ये कोकणे चौकातून कुणाल आयकॉन रस्त्याकडे निघालात, तर मुलांच्या कोडिंग क्लासच्या पाट्या दिसतात. सहावी-सातवीतली मुले ॲप बनवायला शिकतात, पालक कौतुकाने व्हिडीओ काढतात. त्या ॲपच्या खाली, प्रत्यक्ष यंत्रात काय घडते, तिथपर्यंत मात्र शिकवणी क्वचितच पोहोचते. आणि याच पट्ट्यात, भोसरी-चाकणच्या वाहन उद्योगाला नेमके तेच कळणारी माणसे लागतात. चाळीस वर्षांपूर्वी हे शिकायला क्लास लागत नव्हता. यंत्रच शिकवायचे.

कोणते यंत्र?

एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. झेड८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ वेग आणि मोठ्या मॉडेलला ४८ किलोबाइट मेमरी. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. पडदा म्हणजे घरातला टीव्ही, प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची असते तशीच कॅसेट. पुण्यातल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात हेच यंत्र 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने परवान्यासह भारतात विकले.

ते दिवस सोनेरी होते, असे म्हणायचे कारण नाही. तेव्हा मध्यमवर्गीय घरात रंगीत टीव्ही असणे हीच मोठी गोष्ट होती, संगणक तर फारच थोड्यांना परवडायचा. पण ज्या घरात तो आला, तिथे सुरू केल्यावर ना आयकॉन दिसायचे, ना जाहिरात. यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहत थांबायचे.

'पोक' म्हणजे काय?

यातली बेसिक भाषेतली एक आज्ञा समजून घ्या : पोक १६३८४, २५५. मेमरीतल्या प्रत्येक खणाला क्रमांक असतो. १६३८४ हा टीव्हीच्या पडद्यावरच्या डाव्या वरच्या कोपऱ्याचा खण. त्यात २५५ टाकले की तिथे आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटते, कारण द्विमान पद्धतीत २५५ म्हणजे सलग आठ एक. १७० टाका, एक सोडून एक ठिपका उमटेल. बिट म्हणजे काय, हे पाठ करावे लागत नाही, दिसते.

याच वाटेने पोरे खेळांत घुसली. 'मॅनिक मायनर' हा १९८३ चा गाजलेला गेम. खेळाडू मेला की एक जीव कमी करणारी आज्ञा मेमरीत ३५१३६ या जागी होती. तिथे शून्य टाकायचे. झेड८० च्या भाषेत शून्य म्हणजे 'काही करू नकोस'. झाले, जीव संपतच नाहीत! हॅकिंग म्हटले की आज बँक खात्यातून पळवलेले पैसे आठवतात, तेव्हा त्या शब्दात ही खोडकर जिज्ञासा होती. चुकले तर संगणक अडकायचा, वायर काढून पुन्हा लावायची.

आज त्याचा काय उपयोग?

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीत ब्रेक, इंजिन, काचा, एअरबॅग यांसाठी वेगवेगळे छोटे नियंत्रक असतात. त्यांतले पुष्कळसे प्रोग्रॅम सी भाषेत आणि मोजक्या मेमरीत लिहिले जातात, आणि काम पोकसारखेच : ठरलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा.

हे घरीही करून बघता येते. आर्डुइनो उनो बोर्डातल्या चिपची रॅम फक्त २ किलोबाइट, म्हणजे स्पेक्ट्रमच्या चोविसाव्या भागाएवढी. बोर्डावरचा दिवा लावायला तयार आज्ञा मिळते, सगळे तीच वापरतात. ती बाजूला ठेवा. १३ क्रमांकाची पिन आउटपुट आहे असे आधी सांगा आणि 'पोर्टबी' या रजिस्टरमध्ये ३२ लिहा. दिवा लागतो. ३२ च का, हे ज्याला सांगता येते त्याला बिट कळला.

आमच्या पिढीच्या इंजिनीअरिंगमध्ये नेमके हेच निसटले. मायक्रोप्रोसेसरचे प्रात्यक्षिक असायचे, पण बोर्ड कपाटात आणि कोड मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये. 'हात लावू नका, जळेल' हे वाक्य आमच्या लॅबमध्ये सर्वाधिक ऐकलेले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, हे पुण्यात कुणाला नवे नाही. मग भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात मोटर फिरत नाही, तेव्हा डिग्रीवाला मुलगा तयार लायब्ररीचे नाव सांगतो आणि दहावी शिकलेला वायरमन मल्टिमीटर लावून सिग्नल पिनपर्यंत येतोय का ते पाहतो. मला विचाराल तर हॅकर तो वायरमन.

कोड आता एआय लिहिते, मग हे कशाला, असा प्रश्न येईल. एआयने लिहिलेला आकडा चुकीच्या रजिस्टरमध्ये गेला आणि काच अर्ध्यावर अडकली, तर शोधणारा माणूसच लागणार.

कॉलेजांना फार काही करावे लागणार नाही. उनोसारखा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. तो सेमिस्टरभर विद्यार्थ्याच्या घरी असू द्या. तोंडी परीक्षेत एक आकडा बदलून द्या आणि बोर्ड सुरू करण्याआधी काय होईल ते विचारा. चिप जळलीच, तर तापकीर गल्लीत दुसरी मिळते.