हकमाला शिक्षण नको?

बीएडच्या वर्षी माझ्या प्रत्येक सराव पाठाला मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असे. फळ्यावरची ओळ तिरकी गेली, प्रश्न विचारून मुलांच्या उत्तराची वाट न बघता मीच उत्तर दिलं, एकाच रांगेतल्या मुलांना विचारत राहिले, सगळं लिहिलं जाई आणि पाठ संपल्यावर तोंडावर ऐकवलं जाई. पाचवीला एक नज्म शिकवायची तर ही तयारी. आणि मोहल्ल्यात एखादं घर मोडायला आलं की ते सावरायला जे बसतात, त्यांच्या मागे वही घेऊन कोण बसलं होतं?

मी फक्त दुसऱ्यांना विचारत नाही. काही वर्षांपूर्वी अशा एका बैठकीत मीही होते. समझोतानामा उर्दूत हवा होता आणि मराठीतही, म्हणून मला बोलावलं. खोलीत नऊ-दहा माणसं. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, शेजारी तिची सासू. सगळ्यांसमोर तिला विचारलं, तक्रार काय? ती म्हणाली, "काही नाही, ते माझ्याशी बोलत नाहीत." पुढचा दीड तास मेहेर, दागिने आणि फ्रिज कुणाच्या पैशाचा यात गेला. शेवटी मीच तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "सब्र कर, बेटा." मग मसुदा लिहिला. माझ्या अक्षराचं कौतुक झालं.

चार महिन्यांनी ती माहेरी आली ती कायमची. निकाहच्या दुसऱ्या महिन्यापासून तो मारत होता. तेव्हा का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "टीचर, एकटीला कुठं विचारलंत?"

विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचं शिक्षण घेणाऱ्याला हे सुरुवातीलाच शिकवतात. दोघांना एकदा वेगवेगळं भेटा, मारहाण आणि धाक यांबद्दल एकट्यात विचारा, आणि धाक असेल तर दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करायला लावू नका. ते तीन पिढ्यांचा नकाशा काढायला शिकतात, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. मग दिसतं की आज सून जे सोसते आहे तेच सासूनेही सोसलं होतं. काही ठिकाणी विद्यार्थी एखाद्या कुटुंबाशी बोलत असतो तेव्हा त्याचे शिक्षक आरशासारख्या काचेपलीकडे बसून बघतात. तोच मागचा बाक! अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण आणि वर देखरेखीखाली केलेलं काम झाल्याशिवाय या कामाचा परवाना मिळत नाही, आणि परवान्याचा कायदा पन्नासही राज्यांत आहे. आपल्याकडे असा वेगळा परवानाच नाही. म्हणून दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून 'रिलेशनशिप कोच'चा बोर्ड लावणारेही भेटतात. त्यांच्यापेक्षा आमचे बुजुर्ग बरे, निदान फी घेत नाहीत.

आता नेहमीचं उत्तर येईल: हे पाश्चात्त्यांचं खूळ, आमच्याकडे कुरआनने व्यवस्था दिली आहे. दिली आहेच. सूरह निसाची ३५वी आयत नवरा-बायकोत फूट पडण्याची भीती वाटली की एक हकम त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमायला सांगते. भीती वाटली की, तलाक झाल्यावर नव्हे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने, आणि त्याच वर्षी लातूरकडच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने, तलाकआधी अशा सुलहचा प्रयत्न झालेला असला पाहिजे असं म्हटलं. मग तो प्रयत्न कसा करतात हे शिकायला लाज कसली? फतवा देणाऱ्याला आपण वर्षानुवर्षं मदरशात बसवतो. हकमाला मात्र पांढरी दाढी पुरते, किंवा माझ्यासारखं चांगलं अक्षर.

आणि परकं म्हणाल तर ऐका. ज्या संस्थेला आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतात, ती १९३६ साली समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा म्हणून सुरू झाली ती नागपाड्यात. देवनारला ती नंतर गेली. आपल्या नागपाड्यात, जिथे आपल्यातल्या निम्म्या लोकांचे नातेवाईक आहेत! १९८४ साली याच संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. त्या न्यायालयात विवाह समुपदेशक व्हायला आपल्या राज्यात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. सरकारने नेमलेल्या माणसाला पदवी हवी, आणि आपण नेमलेल्याला काहीच नको?

सरकारचंही कौतुक नको. २०१९ च्या कायद्याने एका दमात तीन तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग ठेवला. नवरा तुरुंगात गेल्यावर घराशी कोण बोलणार, याचं उत्तर त्यात नाही. पण या एका गोष्टीवर आपण इतकं बोललो की आपल्या बैठकांबद्दल बोलायचं राहूनच गेलं. पापडीत माझे ख्रिस्ती शेजारी आहेत. त्यांच्या मुलामुलींना चर्चमध्ये लग्न लागण्याआधी विवाहपूर्व शिबिराला बसावं लागतं. आपल्याकडे निकाहआधी चर्चा होते ती हॉलची आणि बिर्याणीच्या डेगांची.

एक अडचण खरी आहे. हे शिक्षण बहुतेक इंग्रजीत आहे, आणि भांडणं होतात दख्खनीत, कोकणीत, मराठीत. पण म्हणूनच तर आपली मुलंमुली तिथे गेली पाहिजेत. "वो मुंह फुलाके बैठते" यात किती महिन्यांचा अबोला आहे हे दुभाष्याला कळत नाही. जकातीतून आपण गरजू मुलांच्या फिया भरतो. त्यातल्या दोन फिया दरवर्षी समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्यांना द्या, आणि शिकून आलेली मुलगी बैठकीत बसेल, चहा आणायला नव्हे, एवढं जमातीने लिहून द्यावं. उर्दूत आणि मराठीत मीच लिहीन.

माझी एक विद्यार्थिनी यंदा बारावी झाली, तिला मानसशास्त्र घ्यायचं आहे. तिचे अब्बा म्हणतात, वेड्यांच्या इस्पितळात नोकरी करणार का? रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. अब्बांशी आधी एकट्याने बोलेन, मग तिच्याशी.