घोट्याजवळची नस आणि लघवीवरचा ताबा

चांदीपहून आधी विरार स्टेशन गाठायचे, मग लोकल पकडायची. विरार ते चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. ज्या बाईला लघवीची घाई आवरत नाही, ती मग सकाळपासून पाणीच पीत नाही किंवा बाहेर जाणेच सोडते. ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’, ‘आता वय झाले’ असे म्हणून हा त्रास घरातच दडपला जातो. मधुमेह किंवा मणक्याचा आजार असलेले पुरुषही यातून सुटत नाहीत.

अशा रुग्णांसाठी नसेला सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे उपचार सध्या चर्चेत आहेत. घोट्याजवळ त्वचेखाली बसवायच्या दोन छोट्या उपकरणांना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२२ आणि २०२३ मध्ये मान्यता दिली. मात्र आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या उपयोगाची गोष्ट याहून साधी आणि स्वस्त आहे.

मूत्राशय भरत आले की नसा मेंदूला कळवतात आणि सोयीची जागा मिळेपर्यंत मेंदू ‘थांब’ असे सांगतो. हा संवाद बिघडला की थोडी लघवी साठली तरी अनावर घाई होते. मूत्राशय आणि गुदद्वाराच्या नसा कमरेखालच्या त्रिकास्थीतून निघतात. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या टिबियल नसेची काही मुळेही तिथलीच. म्हणून पायाला दिलेल्या प्रवाहाचा परिणाम मूत्राशयावर होतो.

या उपचाराचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात त्रिकास्थीजवळ तार आणि बॅटरी बसवतात. याला अमेरिकेत लघवीच्या त्रासासाठी १९९७ मध्ये, तर शौचावरील ताब्यासाठी २०११ मध्ये मान्यता मिळाली. आधी काही दिवस तात्पुरती तार लावून फायदा पाहतात, मगच कायमचे उपकरण. खर्च लाखांच्या घरात जातो. दुसऱ्यात घोट्याजवळ बारीक सुई टोचून आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे प्रवाह देतात. तिसऱ्यात सुईऐवजी त्वचेवर चिकटपट्ट्या लावतात. त्यासाठी लागणारे ‘टेन्स’ यंत्र गुडघे-कंबरदुखीसाठी अनेक फिजिओथेरपी विभागांत आधीच असते.

फायदा किती? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत सुईच्या उपचाराने सुमारे ५५ टक्के रुग्णांना स्पष्ट आराम पडला. खोट्या उपचाराने २१ टक्क्यांना. शौचावरील ताब्यासाठी मात्र २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत हे प्रमाण ३८ आणि ३१ टक्के आले, म्हणजे लक्षणीय फरक नाही. खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल, तर घोट्याचा हा उपचार त्यासाठी नाही. तिथे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम हाच पहिला उपाय.

खरी अडचण फेऱ्यांची आहे. चांदीपसारख्या गावातून रुग्णालयाच्या बारा फेऱ्या म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडणे. चिकटपट्ट्यांचा उपचार एकदा शिकवला की घरी करता येतो. त्यामुळे तालुका पातळीवरच्या फिजिओथेरपिस्टना याचे प्रशिक्षण देणे आणि मधुमेह तपासणीच्या वेळीच ‘लघवी आवरते का?’ असे विचारणे, हे महागड्या उपकरणांपेक्षा जास्त लोकांच्या कामी येईल.

रुग्णाने आधी लघवी आणि साखर तपासावी. तीन दिवस पाणी किती प्यायले आणि लघवीला किती वेळा जावे लागले, याची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवावी. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी सल्ल्याशिवाय विद्युत उपचार घेऊ नयेत. लघवीतून रक्त जात असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेला आणि मांड्यांमध्ये बधिरपणा किंवा पायांत अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. बाकीच्यांनी निदान हा त्रास बोलून दाखवावा. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.