दौड संपल्यानंतरचा रस्ता

ठाण्याचे जुने शहर साष्टी बेटावर वसलेले आहे, हे आम्ही खाडीपुलावर सांगितले तेव्हा वसतिगृहातील मुलांचा विश्वास बसेना. पहाटेची लोकल कळवा सोडून पुलावर आली होती. खाली भरतीचे पाणी आणि तिवरांची रांग होती. सातवीतील एकाने शंका काढली, ‘‘सर, बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी. इथे तर चहूबाजूंनी इमारती आहेत.’’ पश्चिमेस समुद्र, उत्तरेस उल्हास नदी व वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, असे बोटांवर मोजून दाखवावे लागले. 1854 मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणास पोहोचली ती हीच खाडी ओलांडून. कल्याण-डोंबिवलीच्या चाकरमान्यांस आता त्याचे अप्रूप उरलेले नाही.

आम्ही निघालो होतो ठाण्यातील एका सामुदायिक दौडीसाठी. या शहरास धावण्याची सवय जुनी आहे. महानगरपालिकेच्या वर्षा मॅरेथॉनने ती भर पावसातही लावली. 42.195 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन आमच्या आवाक्यातील नव्हे. मुलांनी छोट्या अंतराच्या गटात नावे दिली होती आणि आम्ही पन्नाशी ओलांडलेले तीन शिक्षक सोबतीस म्हणून निम्मे धावत, निम्मे चालत होतो. (आमचा क्रमांक स्मरणिकेत छापण्याचे कारण नाही.)

इतिहासाच्या शिक्षकास रस्ता हा नुसता रस्ता दिसत नाही. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या 1936 च्या प्रबंधात बाबासाहेबांनी पेशवाईतील पुण्याचा दाखला दिला आहे : अस्पृश्याने कमरेस झाडू बांधून आपलीच पावले पुसत चालावे, थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे. आज आमच्या मुलींच्या छातीवर क्रमांकाचा कागद होता आणि त्यांच्यासाठी वाहतूक थांबवून रस्ता मोकळा केलेला होता. दुतर्फा उभी असलेली अनोळखी माणसे टाळ्या वाजवीत होती. शर्यतीस जात नसते, असे कोणी म्हणाले तर त्या अर्ध्या तासापुरते आम्हीही ते मान्य केले असते.

मात्र परतताना तोच रस्ता पाहिला. पाण्याच्या थांब्यांपाशी बाटल्यांचा आणि कागदी पेल्यांचा खच पडला होता. धावणाऱ्यांनी दोन घोट घेऊन बाटली बाजूला भिरकावली होती. जणू तसाच दौडीचा रिवाज असावा. पदकांसह छायाचित्रे काढणे चालू असता झाडू घेतलेल्या स्त्रिया कामास लागल्या होत्या. हातमोजे एकीच्याही हाती नव्हते. आमच्या वसतिगृहातील काही मुलांच्या घरी हेच काम पोट भरते, आणि ती मुले तेथेच उभी होती. त्यांपैकी एक मुलगी काही न बोलता वाकून बाटल्या गोळा करू लागली. तिच्यामागे आणखी दहा-बारा जण गेले.

या प्रसंगावरून शिक्षकदालनात वाद झाला. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की मुलांनी श्रमसंस्कारच दाखविला, त्यांचे कौतुक करावे. दुसरे संतापले : ‘‘हातातला झाडू सुटावा म्हणून यांच्या आईबापांनी यांना इथे ठेवले. शेकडो लोकांनी टाकायचे आणि पुन्हा आमच्याच पोरांनी उचलायचे?’’ आमचे मत या दुसऱ्या बाजूस झुकते. कचरा उचलण्यात कमीपणा नाही, हे खरे. परंतु टाकणारा एक आणि उचलणारा जन्माने ठरलेला दुसरा, या व्यवस्थेस संस्कार म्हणता येणार नाही. त्या मुलीस मात्र आम्ही रागावलो नाही. तिने आम्हांस विचारले होते, ‘‘सर, ज्यांनी प्यायले त्यांना बाटली घेऊन धावता येत नाही का?’’

धावता येते. म्हणून यापुढे आमची शाळा सहभागी होईल ती अटीवर. प्रत्येकाने आपली बाटली आपल्याजवळ बाळगावी, रिकामी परत आणावी. सुट्टीच्या दिवशी राबणाऱ्या सफाई कामगारांस त्या दिवसाचा वेगळा मोबदला व हातमोजे मिळावेत. न्याहारीची पाकिटे वाटताना त्यांचीही गणती व्हावी. या मागण्या अवाजवी आहेत असे आम्हांस वाटत नाही. दौडीच्या संयोजकांस तसे पत्र धाडले आहे, त्याखाली मुलांच्याही सह्या आहेत.

उत्तर अद्याप आलेले नाही. सराव पहाटे साडेपाचलाच सुरू होतो. बाटल्या मुले वसतिगृहातूनच भरून नेतात.