सत्तर पानांचा पुडा आणि फोनवरचे गणित



गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. धानोरा तालुक्यातल्या एका गावी मी बीजप्रक्रिया सांगायला गेलो होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. अंगणात पानांचा ढीग पडलेला आणि घरची सारी माणसे पुडे बांधायला बसलेली. मीही तिथेच बसलो. धानाचे बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकावे, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ घ्यावे, वर तरंगणारे पोचट बी काढून टाकावे आणि तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे, असे सांगितले. मग सहज विचारले, "तुमच्या बादलीत ५ लिटरच पाणी मावते. मग मीठ किती घ्याल?"

घरधनी हसले. म्हणाले, "साहेब, हिसाब तुमीच करून द्या." मी त्यांच्या तिसरीतल्या मुलीकडे वळलो. "सांग बाई, तू सांग." ती मायच्या मागे लपली. बाप म्हणाला, "तिले गणित नाई येत, साहेब. तिचं डोस्कंच नाई चालत त्यात."

मी तिच्या हातांकडे पाहिले. ती पाच-पाच पाने जुळवून ठेवीत होती. अशा चौदा जुड्या झाल्या की एक पुडा. ७० पाने, एक कमी नाही की एक जास्त नाही. पाचाचा पाढा तिच्या बोटांत होता. पण "मला गणित येत नाही" हेही तिने ऐकून ऐकून पाठ केले होते.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला सांगत नाही. माझा मुलगा लहान असताना पाढे चुकला की मी त्याला धपाटा घालीत असे. पाढे पाठ झाले खरे, पण आज तो मोठा झाला तरी हिशेबाची वेळ आली की कागद दुसऱ्याकडे सरकवतो. तो दोष माझा आहे. गणिताची भीती शाळेपुरती राहत नाही, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. औषधाची मात्रा अंदाजाने ओतणारा, दुकानदाराने मांडलेला हिशेब न पाहता सही करणारा शेतकरी आळशी नसतो. लहानपणी कुणीतरी त्याला हसलेले असते.

आता फोनकडे वळू. फोनवर गणित शिकवणारे जे कार्यक्रम आले आहेत, त्यांतल्या एका मोठ्या कार्यक्रमाचा उगम अशाच एका घाबरलेल्या मुलीपासून झाला. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरी सलमान खान नावाचा एक तरुण नोकरी करीत होता. (सिनेमातला नव्हे!) त्याची नादिया नावाची नात्यातली बहीण दूर न्यू ऑर्लिन्सला राहत असे. ती मोजमापांच्या रूपांतरात अडली होती. आपल्याकडे पायलीचे किलो करताना अडतात, तसेच. भाऊ तिला फोनवरून शिकवू लागला. पुढे इतर भावंडेही आली. २००६ पासून त्याने धड्यांच्या चित्रफिती करून इंटरनेटवर ठेवल्या. तेव्हा भावंडांनी त्याला सांगितले, की समोरच्या दादापेक्षा पडद्यावरचा दादा बरा! कारण साधे आहे. पडद्यावरच्या दादाला थांबवता येते, तेच पुन्हा दहा वेळा ऐकता येते, आणि "एवढेही समजत नाही?" असे तो म्हणत नाही. २००८ साली त्यातून 'खान अकॅडमी' ही संस्था उभी राहिली. तिचे धडे फुकट आहेत आणि मराठीतही मिळतात.

आपल्या सरकारचे 'दीक्षा' हे ॲप २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. दीक्षा उघडून फोनचा कॅमेरा त्यावर धरला की त्या धड्याचे साहित्य समोर येते. आमच्या भागात रेंज मिळणे कठीण, हे मला ठाऊक आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी, रेंज असेल तिथे धडे उतरवून घ्यावेत. मग ते घरी रेंजवाचून चालतात.

आणखी एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. मूल चुकते ते दरवेळी मूर्खपणाने नव्हे. आपण 'सत्तावन्न' म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. मूल ऐकेल तसे लिहिते आणि ७५ होतात. सिरोंच्याकडे ज्या घरी तेलुगू बोलतात, तिथे तर घरी 'याभै एडु', म्हणजे आधी पन्नास, मग सात; आणि शाळेत नेमके उलट. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावन्न'बरोबर 'पन्नास सात' असेही वाचायला दिले, तेव्हा राज्यभर केवढी टीका झाली! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ते मुलांना सोपे जावे म्हणून केल्याचे सांगितले होते. कुणाला पटो न पटो, मुलाची अडचण खरी आहे. तेव्हा ५७ चे ७५ लिहिले तर रागावू नका. पाच दहाच्या जुड्या आणि सात सुटी पाने त्याच्यासमोर ठेवा.

फोन मुलाच्या हाती देताना एवढे पाळावे :

१. रोज १५ मिनिटे पुरेत, पण रोज. त्यानंतर फोन ठेवून द्यावा.

२. मूल तिसरीत असेल तर दुसरीच्या धड्यापासून सुरुवात करावी. पहिली काही उत्तरे बरोबर आली की मुलाला धीर येतो.

३. घरातले कुणीतरी शेजारी बसावे. स्वतःला गणित आलेच पाहिजे असे नाही. "हे तू कसं केलंस, मला सांग" एवढे म्हणावे. सांगता सांगता मुलाला स्वतःलाच उमजते.

४. तीनदा उत्तर चुकले तर फोन बाजूला ठेवून तेच गणित पाने, चिंचोके किंवा मोहफुले घेऊन करावे.

५. "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "पुन्हा करून पाहिलंस, चांगलं केलंस" असे म्हणावे.

६. हप्त्यावर टॅब्लेट आणि शिकवणी विकायला कुणी दारी आले तर सही करू नये. फुकटचे आहे ते आधी वापरून पाहावे आणि शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारावे.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी, असे ध्येय २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने ठेवले आहे. शाळेने ते करावेच. पण घरी कुणी हसणार नाही, ही हमी घरच्यांनाच द्यावी लागते.

त्या घरी मी यंदा पुन्हा गेलो. वर्षभरात गुरुजींनी बापाच्या फोनवर दीक्षा घालून दिले होते. आठवीतली थोरली बहीण रोज संध्याकाळी धाकटीजवळ बसत होती. मुलगी काही वर्गात पहिली आलेली नाही. पण मी तोच प्रश्न विचारला, तेव्हा ती मायच्या मागे गेली नाही. म्हणाली, "शंभर." बाप बोलायला तोंड उघडणार, तोच तिने हात वर केला. "थांबा बाबा, मले करू द्या." बोटांवर काहीतरी जुळवले आणि म्हणाली, "दीडशे ग्रॅम."

पहिले उत्तर चुकले होते, तरी ती थांबली नाही. बापानेही तिला करू दिले. यंदा त्या घरचे मीठ तिनेच मोजले.

पुढच्या आठवड्यात धानाच्या रोपवाटिकेविषयी बोलू. तोवर तुमच्या घरच्या बादलीत किती पाणी मावते आणि त्याला मीठ किती लागेल, हा हिशेब मुलांकडून करून घ्या.