पत्रादेवीपलीकडचे पेट्रोल

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांद्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालेले वाहन काही मिनिटांत पत्रादेवीजवळ गोव्याची हद्द ओलांडते आणि तेवढ्या अंतरात पेट्रोलचा भाव लिटरमागे काही रुपयांनी उतरतो. ज्या माणसास रोज सकाळी दोडामार्ग, बांदा किंवा आरोंद्याहून गोव्यात कामावर जावयाचे आणि तिन्हीसांजेस घरी परतावयाचे आहे, तो आपल्या दुचाकीची टाकी महाराष्ट्रात भरील, अशी अपेक्षा कोणताही विचारी मनुष्य करणार नाही. उत्तरेस तलासरी ओलांडून गुजरातेत शिरणाऱ्या मोटारीची हीच कथा आहे, आणि ज्याचे रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत उभे आहे त्या नवापूरच्या रहिवाशांस तर ‘पलीकडून टाकी फुल करून ये’ हे वाक्य घरातल्या रोजच्या बोलण्याइतके परिचयाचे झाले आहे. मार्च २०२४ मध्ये देशभर दोन रुपयांची कपात झाल्यानंतरही मुंबईत पेट्रोल १०४ रुपयांवर होते व अहमदाबादेत ते ९५ रुपयांच्या आसपास मिळत होते.

हद्दीपलीकडे जाऊन इंधन घेणाऱ्या या नागरिकास चोरट्या व्यापाराच्या पंक्तीस बसविण्याची प्रवृत्ती अधूनमधून डोके वर काढते. तिचा आम्ही आरंभीच स्पष्ट निषेध करतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने वाहनाच्या टाकीतील इंधनास परवान्याच्या बंधनातून मोकळे ठेवले आहे, आणि विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल बाळगण्याची मुभाही त्याच कायद्याने दिलेली आहे. पिंपे भरून आणून आडबाजूस विकणारा इसम निराळा आणि कामावरून परतताना टाकी भरून घेणारा गवंडी, परिचारिका किंवा हॉटेलातील नोकर निराळा. पहिल्याचा बंदोबस्त पोलिसांनी व पुरवठा खात्याने जरूर करावा. दुसरा मात्र आपल्या तुटपुंज्या मिळकतीचा चोख हिशेब ठेवणारा गृहस्थ आहे, आणि त्याच्या हिशेबाने शासनाच्या हिशेबातील दोष उघडा पडला असेल, तर दुरुस्ती शासनाने आपल्या दप्तरात करावयास हवी.

हा दोष कोठे आहे ते पाहणे फारसे अवघड नाही. हद्दीच्या दोन्ही अंगांस पेट्रोल विकणाऱ्या कंपन्या त्याच, कच्च्या तेलाचा भाव तोच, आणि केंद्राचे उत्पादन शुल्कही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच. डेपोपासून पंपापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च भिन्न असतो खरा, पण तो पैशांत किंवा फार तर एक-दोन रुपयांत मोजण्याजोगा. उरलेला सारा फरक राज्यांच्या मूल्यवर्धित कराचा, म्हणजे ज्याला सर्वजण व्हॅट म्हणतात त्याचा आहे. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये मुंबई परिसरात पेट्रोलवर शेकडा २६ आणि त्याशिवाय लिटरमागे १० रुपये १२ पैसे असा दुहेरी कर ठेवला होता. या शेकडेवारीची आकारणी केंद्राचे शुल्क व विक्रेत्याचे कमिशन मिळवून होणाऱ्या रकमेवर होते, म्हणजे करावरही कर बसतो. आणि त्यामुळे केंद्राने शुल्क वाढविल्याने पेट्रोलचा भाव चढला, की राज्याची लिटरमागची प्राप्ती कोणताही ठराव न करता आपोआप वाढते. त्या १० रुपये १२ पैशांच्या स्थिर रकमेचा पूर्वेतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळनिवारणासाठी म्हणून लिटरमागे २ रुपये अधिभार बसविण्यात आला. दुष्काळ सरला, पावसाळे आले आणि गेले, परंतु अधिभार हटला नाही.

शेजारच्या गोव्याने या बाबतीत घेतलेला एक निर्णय आजही अभ्यासण्यासारखा आहे. २०१२ च्या निवडणुकीत दिलेले वचन पाळण्यासाठी मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट शेकडा ०.१ इतका, म्हणजे जवळजवळ शून्यावर आणला, आणि एप्रिलच्या आरंभीच तेथील पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवार या तिन्ही बाजूंची वाहने तेथील पंपांकडे वळली हे निराळे सांगावयास नको. पुढे खजिन्याच्या गरजेपोटी गोव्यास तो कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढवावा लागला, आणि हा भाग जे लोक करमाफी हाच सर्व दुःखांवरील उपाय मानतात त्यांनी विसरू नये. तथापि कर उतरताच लोक किती तत्परतेने रस्ता बदलतात, याचा जो प्रत्यय त्या वर्षी आला त्याची नोंद मुंबईच्या वित्त विभागाने गांभीर्याने घेतल्याचे पुढील वर्षांच्या करमानावरून दिसत नाही.

नोव्हेंबर २०२१ च्या दिवाळीत तर या वैषम्याची परिसीमा झाली. केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ५ व डिझेलवरील १० रुपयांनी कमी केले, आणि त्याच सुमारास गुजरात, गोवा व कर्नाटक या आपल्या तिन्ही शेजाऱ्यांनी लिटरमागे ७ रुपयांची आणखी सूट जाहीर केली. महाराष्ट्राने ते पाऊल त्या वेळी उचलले नाही. पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपयांची कपात होण्यास १४ जुलै २०२२ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या आठ महिन्यांत तीन बाजूंच्या सरहद्दींवरील आमच्या पंपांवर काय गुदरले असेल याची कल्पना करता येते. दिल्लीचे उदाहरण याच काळातील आहे: हरियाणा व उत्तर प्रदेशातील भाव उतरताच त्या सरकारला १ डिसेंबर २०२१ रोजी आपला व्हॅट शेकडा ३० वरून १९.४० वर आणावा लागला, व तेथील पेट्रोल एका रात्रीत सुमारे ८ रुपयांनी स्वस्त झाले. दिल्लीस पर्याय नव्हता, कारण तिची सरहद्द प्रत्येक नागरिकाच्या घराजवळ आहे. महाराष्ट्राचा विस्तार मोठा, म्हणून येथे विलंब परवडतो, आणि आमच्या मते अन्यायाचे मूळ नेमके येथेच आहे.

कारण हद्दीजवळ राहणारा मनुष्य निदान पलीकडे जाऊ शकतो. परभणीच्या शेतकऱ्याने काय करावे? मनमाडच्या डेपोतून शेकडो किलोमीटर टँकरने येणारे पेट्रोल त्यास राज्यातील सर्वांत चढ्या भावांपैकी एका भावाने घ्यावे लागते. वाहतुकीच्या वाढीव खर्चावर शेकडेवारीचा करही तोच भरतो, आणि गोवा व गुजरात या दोहोंपासून तो दूर आहे. ज्याच्या जिल्ह्याचे उत्पन्न कमी आणि अंतर अधिक, त्याच्यावर कर अधिक, ही पद्धती कोणत्याही अर्थशास्त्राने न्याय्य ठरविता येणार नाही. दुसऱ्या टोकास बांदा-सावंतवाडीकडील पंपचालक आहे. कमिशन दर लिटरमागे ठरलेले असल्याने खप घटला की त्याची मिळकत त्याच प्रमाणात घटते, परंतु नोकरांचे पगार, विजेचे देयक आणि बँकेचा हप्ता मात्र घटत नाही. आणि ज्या खजिन्याच्या हितासाठी हे सारे चालले आहे त्यास तरी काय मिळते? सरहद्दीपलीकडे भरलेल्या प्रत्येक लिटरवर महाराष्ट्र केवळ दरांतील फरकाला मुकत नाही. त्या लिटरवरील सगळा करच गोव्याच्या वा गुजरातच्या तिजोरीत जातो.

पत्रादेवीचे नाव निघाले की जुन्या पिढीच्या मनात पेट्रोलचा विचार येत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही याच वाटेने पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि गोळीबारास बळी पडले. त्यांचे स्मारक तेथे उभे आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती परकी सरहद्द पुसली गेली. आज सिंधुदुर्गाचा तरुण गोव्यात नोकरी करतो, सिंधुदुर्गातल्या रुग्णास गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाचा आधार वाटतो, लग्नसंबंध, जत्रा व नाटकमंडळ्या दोन्हीकडे अखंड ये-जा करतात. एवढ्या एकजीव झालेल्या मुलखात दोन सरकारांच्या करपत्रकांनी पुन्हा एक रेघ ओढावी आणि माणसांनी ‘आपल्याकडे’ व ‘त्यांच्याकडे’ अशी भाषा भावफलक पाहून बोलू लागावे, याचे आम्हांस मनःपूर्वक दुःख होते.

राज्यांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही असे नव्हे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू झाल्यावर राज्यांच्या स्वतंत्र कराधिकारात इंधन, मद्य व आणखी थोड्याच बाबी उरल्या. रस्ते, शाळा, रुग्णालये यांचा खर्च कोठून तरी यावयास हवा. त्यातच केंद्र आपल्या वसुलीचा फार मोठा भाग उपकर व विशेष शुल्काच्या नावाखाली ठेवते, त्यात राज्यांना वाटा मिळत नाही. २०२१ पासून पेट्रोलवरील वाटणीयोग्य मूळ शुल्क लिटरमागे अवघे १ रुपया ४० पैसे आहे. ही तक्रार रास्त असून महाराष्ट्राने ती दिल्लीत ठणकावून मांडावी. पण दिल्लीकडून झालेल्या अन्यायाची भरपाई परभणीकडून करून घेण्याचा अधिकार त्यातून उत्पन्न होत नाही.

पेट्रोल वस्तू व सेवा करात आणण्याचा प्रश्न १७ सप्टेंबर २०२१ रोजी त्या कराच्या परिषदेच्या लखनौ बैठकीत निघाला व राज्यांच्या विरोधामुळे बाजूस पडला. पेट्रोल त्या करात येण्याच्या दिवसाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांनी आपसांत ठरविण्याचा मार्ग मोकळा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये चंडीगडच्या बैठकीत उत्तरेकडील राज्यांनी इंधनावरील कर एकसारखे ठेवण्याचे मान्य केले होते. पुढच्याच महिन्यात काहींनी कर उतरविला, दिल्लीने नाही, आणि २२ ऑक्टोबरला दिल्लीतील पंपचालकांना बंद पाळावा लागला. तो करार मोडला, कारण त्यामागे केवळ सदिच्छा होती, मोडणाऱ्यास आवरणारे कलम नव्हते. युरोपीय संघाने २००३ मध्ये पेट्रोलवर १००० लिटरमागे किमान ३५९ युरो कर असलाच पाहिजे असे बंधन सर्व सदस्य देशांवर घातले. लक्झेंबर्गला स्वस्त इंधनासाठी जाणाऱ्या गाड्या त्याने थांबल्या नाहीत, परंतु स्पर्धेला तळ लाभला. शिवाय एकट्याने केलेला फेरफार किती क्षणभंगुर असतो ते कर्नाटकाच्या हद्दीवरील कोगनोळी-निपाणीच्या बाजूस दिसले. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने आपलाच कर वाढवून पेट्रोल ३ रुपयांनी महाग केले आणि हद्दीच्या अलीकडील कागलकरांचा जुना हिशेब बदलला.

महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पापूर्वी गोवा, गुजरात व कर्नाटकाच्या अर्थमंत्र्यांस मुंबईत पाचारण करावे, पेट्रोल व डिझेलवरील कराची किमान व कमाल मर्यादा लेखी ठरवून घ्यावी, आणि ती बदलण्यापूर्वी शेजाऱ्यांस किती दिवसांची सूचना द्यावयाची याचे कलम त्यात घालावे. तोपर्यंत स्वतःच्या अधिकारातील एक गोष्ट त्यांना आजच करता येईल: शेकडेवारीचा कर रद्द करून संपूर्ण राज्यात लिटरमागे एकच निश्चित रक्कम आकारावी, म्हणजे वाहतुकीच्या खर्चावर आणि केंद्राच्या शुल्कावर कर लावण्याची प्रथा बंद होईल. यासाठी नवे महामंडळ नको, नवी समिती नको. विधिमंडळापुढे एक तजवीज आणावी आणि सरहद्दीपासून परभणीपर्यंतच्या सर्व पक्षांच्या आमदारांनी तिला पाठिंबा द्यावा, अशी आमची मागणी आहे.