आजी, ताट ऱ्हवांदे



मी खाण्याचा शौकीन माणूस. एस.टी.च्या नोकरीत निम्मे आयुष्य गेले. ड्युटीच्या निमित्ताने सावंतवाडी, वेंगुर्ले, कणकवली, देवगड, मालवण अशा सगळ्या ठिकाणच्या खानावळी पालथ्या घातल्या. कुठे वडे चांगले, कुठे काळ्या वाटाण्याचे सांबारे चांगले, हे मला तोंडपाठ. आमची मंडळी म्हणते, "तुमची पेन्शन बँकेत येते आणि पोटात जाते." खोटे नाही.

पण एक गोष्ट मनात सलत असे. मी इतक्या हॉटेलांत जेवलो, आणि माझी आई एकदाही हॉटेलात बसली नाही. आज तिने ऐंशी ओलांडली आहे.

ती लहान होती तेव्हा डोक्यावर जळाऊ लाकडांची मोळी घेऊन आजीबरोबर बाजाराला जायची. मोळी विकली की आजी चहा पाजायची. "आमचो कप भायर, वळचणीक आसायचो," आई सांगते. चहा वरून ओतायचा, पैसे जमिनीवर ठेवायचे, कप आपणच विसळून परत वळचणीला ठेवायचा. हे केव्हाचे? घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० रोजी. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे तिच्या पंधराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. तरी वळचणीचा कप पुढे बरीच वर्षे तिथेच होता.

१९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या वाडीने गावकीची कामे सोडली. आईने त्या कपातला चहाही सोडला. मोठेपणी हातात पैसा आला, दिवस बदलले, पण ती हॉटेलची पायरी चढली नाही. "ज्येनी दारात उभा केल्यानी, त्येंका पैशे कित्याक देव?" असे तिचे म्हणणे. ही भीती नव्हे, हा तिचा ताठा. मी कधी वाद घातला नाही.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला तिला मालवणला घेऊन गेलो. नंबर उशिरा लागला, दुपारची गाडी गेली. तिची साखरेची गोळी जेवल्यावर घ्यायची असते. मी म्हटले, "आये, आज जेवल्याशिवाय सुटका नाही." बाजारातल्या एका साध्या खानावळीत तिला नेले. दारात ती थबकली. आत बघितले, बाहेर बघितले. मग माझा हात धरून आत आली आणि भिंतीकडेच्या बाकावर अगदी टोकाला बसली.

ताट आले. तळलेला बांगडा, तिखला, भात, दोन चपात्या, वाटीत सोलकढी. आईने सावकाश, काही न टाकता जेवण केले. जेवण झाल्यावर मी पैसे द्यायला गेलो. मागे वळून बघतो तर आई उष्टे ताट दोन्ही हातांत घेऊन उभी, आणि नळ कुठे आहे ते शोधते आहे. ताट विसळून ठेवायला!

माझ्या पायांतले बळच गेले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची सवय तिच्या हातांत अजून जिवंत होती. ताठा मनात होता, पण हातांना कोणी सांगितलेच नव्हते.

तेवढ्यात वाढणारा पोरगा धावत आला. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. "आजी, ताट ऱ्हवांदे. मी उचलतंय," म्हणाला, आणि तिच्या हातातून ताट घेऊन गेला. त्याला त्यात काहीच विशेष वाटले नाही. आई मात्र रिकाम्या हातांकडे बघत क्षणभर तशीच उभी राहिली.

मला कोल्हापूरच्या गंगाराम कांबळ्यांची आठवण झाली. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा खुद्द महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. १९२२ साली महाराज गेले, त्याच्या काही वर्षे आधीची ही हकिकत. महाराजांनी गंगारामांना दानधर्म केला नाही, दुकानाचे मालक केले. आज मालवण-तारकर्लीला मुंबई-पुण्याची माणसे मासे खायला येतात आणि घरोघरी खानावळीचे बोर्ड लागले आहेत. आपल्या किती घरांवर असा बोर्ड आहे? आमच्या भगिनींच्या हाताला काय कमी चव आहे?

एस.टी.त बसल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मला वाटले, मन दुखावले. ओरसच्या आसपास ती एकदम म्हणाली, "तिखल्यात तिरफळां वाटलेली हत. तिरफळां वाटूची नसतत. आणि ती कढी कसली? रंग बिटाचो!"

मी मोठ्याने हसलो. माझी आई हॉटेलात जेवली होती, आणि इतर गिऱ्हाइकांसारखी नावेही ठेवत होती!

दुसऱ्या दिवशी तिने मला चुलीपुढे बसवले. या वयात मी प्रथमच तिखला शिकलो. भगिनींना माहीत असेलच, पण बांधवांसाठी लिहितो.

चार बांगडे साफ करून तुकडे करावेत आणि मीठ लावून ठेवावेत. अर्धा नारळ, भिजवलेल्या आठ-दहा सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद व छोटा कांदा बारीक वाटावा. वाटप मातीच्या भांड्यात काढून थोडेच पाणी घालावे, चार-पाच आमसुले टाकून उकळी आणावी. मग बांगडे सोडावेत. आठ-दहा तिरफळे घेऊन आतली काळी बी काढून टाकावी आणि फक्त साल चेचून घालावी. मी पहिल्या वेळी बी तशीच ठेवली आणि सगळा तिखला कडू केला! आईने चार शब्द सुनावले. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांचा उग्र वास तिरफळाने मोडतो आणि जिभेला झिणझिण्या येतात, ती खरी चव. शिजताना डाव घालू नये, मासा मोडतो. भांडे दोन्ही हातांनी धरून हलवावे. उतरताना वरून चमचाभर कच्चे खोबरेल. दुसऱ्या दिवशी हाच तिखला अधिक चांगला लागतो.

सोलकढीला बीट नको. नारळाचा जाड रस, आमसुलांचे पाणी, मीठ, ठेचलेली लसूण-मिरची, वर कोथिंबीर. फिका गुलाबी रंग आपोआप येतो. ही कढी उकळायची नसते, फुटते.

एक विनंती. तुमच्या घरात असे जुने माणूस असेल तर त्याला एकदा तरी बाहेर जेवायला घेऊन जा. महाग हॉटेल नको, साधी खानावळ चालेल. त्याला मधल्या बाकावर बसवा. पंधरावे कलम पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्या आईच्या हातातले ताट कोणी उचलून नेताना बघणे वेगळे.

तिखला झाल्यावर आईने पहिला घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाली, "त्या झिलाक एकदा जेवूक हाड." तो पोरगा कोणाचा, कुठल्या वाडीचा, हे तिने विचारले नाही. मीही विचारले नाही. खानावळीत जाऊन निरोप दिला. आधी लाजला, मग हो म्हणाला. सोमवारी त्याला सुट्टी असते. मासेवालीला चार बांगडे सांगून ठेवले आहेत.